एका गुंठ्यातली सेंद्रिय भाजी : नाशिकमध्ये खर्च किती, कशावर करावा, कशावर टाळावा

घरामागे गुंठाभर मोकळी जागा, बोअरला किंवा विहिरीला निदान फेब्रुवारीपर्यंत पाणी आणि घरात खाणारी चार माणसं. गंगापूर, मखमलाबाद, आडगाव, पाथर्डी, विल्होळी, गिरणारे या पट्ट्यात अशी घरं आता पुष्कळ झाली आहेत. भाजी घरचीच, औषध न मारलेली खायची, असं ठरवल्यावर पहिला प्रश्न येतो तो खर्चाचा. उत्तर आधीच देतो. माती बरी असेल आणि रोजचं काम घरच्यांनी केलं, तर पहिल्या वर्षी साधारण १५,५०० रुपये लागतात आणि दुसऱ्या वर्षापासून ४,००० ते ५,०००. माती विकत आणावी लागली तर पहिल्या वर्षात आणखी ६,००० धरा. माळी लावणार असाल तर वर्षाला किमान १२,००० वेगळे. हे दर किरकोळ खरेदीचे, अंदाजपत्रक मांडण्यासाठी आहेत. हंगाम, वाहतुकीचं अंतर आणि घासाघीस यांमुळे ते वीस-पंचवीस टक्के इकडेतिकडे होतात.

या पैशांतला मोठा वाटा माती, पाणी आणि माणसाचा वेळ यांवर जायला हवा. दुकानात गेलं की मात्र नेमक्या उलट गोष्टी गळ्यात मारल्या जातात: रंगीत ग्रो बॅग, कोकोपीटच्या विटा, लाकडी चौकटी, 'ऑरगॅनिक टॉनिक'च्या बाटल्या. जमीन असलेल्या माणसाला यातलं जवळजवळ काहीच लागत नाही. ग्रो बॅग आणि कोकोपीट गच्चीसाठी आहेत. खाली काळी आई असताना वर प्लॅस्टिकच्या पिशव्या मांडण्यात अर्थ नाही.

जागा आणि माती

गुंठा म्हणजे १,०८९ चौरस फूट. त्यातून ये-जा करायच्या वाटा, खताचे दोन खड्डे, पाण्याचा ड्रम, कडेचा शेवगा, कढीपत्ता आणि लिंबू वजा केले की प्रत्यक्ष वाफ्यांसाठी ६०० चौरस फूट उरतात. तीन फूट रुंदीचे गादीवाफे करा, म्हणजे दोन्ही बाजूंनी हात मधोमध पोचतो आणि वाफ्यात पाय द्यावा लागत नाही. काळ्या जमिनीत हे वाफे आठ-नऊ इंच उंच हवेतच, नाहीतर जुलै-ऑगस्टच्या झडीत मुळं सडतात. जिथे दिवसाला सहा तास ऊन येत नाही तिथे पालेभाजीपलीकडे काही होणार नाही. शेजाऱ्याच्या तीन मजली बंगल्याची सावली डिसेंबरात कुठवर येते, ते आधी बघून घ्या.

माती तपासल्याशिवाय एक रुपयाही खर्च करू नका. जागेवर नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी 'व्ही' आकाराचा वीतभर खोल खड्डा घ्यायचा, त्याच्या कडेची माती खरवडायची, सगळी एकत्र करून चार भाग करायचे, समोरासमोरचे दोन टाकून द्यायचे. अर्धा किलो उरेपर्यंत हेच. सरकारी प्रयोगशाळेत अगदी थोड्या पैशांत काम होतं, खासगीत सूक्ष्म अन्नद्रव्यांसह ५०० ते १,००० रुपये पडतात. अहवालात तीन आकडे पाहा. सेंद्रिय कर्ब ०.५ टक्क्याच्या खाली असेल तर जमीन उपाशी आहे, पहिल्या वर्षी खत दुप्पट लागेल. सामू आठच्या पुढे असेल, निफाड-दिंडोरीकडच्या चुनखडीच्या काळ्या जमिनीत तो असतोच, तर लोह मिळत नाही आणि कोवळी पानं पिवळी पडतात. अशा वेळी टॉनिकची बाटली आणण्याआधी कुजलेलं खत वाढवा. तिसरा आकडा क्षारतेचा. बोअरचं पाणी खारट असेल तर तो वाढलेला दिसेल. मग तेच पाणी भाजीला द्यायचं का, याचा विचार करावा लागतो.

नव्या वसाहतीतल्या प्लॉटवर बहुधा बांधकामाचा राडारोडा आणि मुरूमच असतो. तिथे माती आणण्याला पर्याय नाही. हिशेब सोपा आहे: ६०० चौरस फुटांवर सहा इंच थर म्हणजे ३०० घनफूट, अर्थात तीन ब्रास. वाहतुकीसह ब्रासला १,५०० ते २,५०० रुपये धरले तर सहा हजारांच्या आसपास. माती कुठून उचलली ते विचारा. द्राक्षबाग मोडलेल्या जागेची माती दिसायला झकास असते, पण तिच्यात वर्षानुवर्षं मोरचूद आणि बुरशीनाशकं मुरलेली असतात. मोरचुदातलं तांबं जमिनीतून निघून जात नाही. भाजीसाठी ती माती नको.

खत : इथे घाई महागात पडते

भाजीपाल्याला हेक्टरी २० ते २५ टन शेणखत अशी जुनी शिफारस आहे. गुंठ्याला तेच २०० ते २५० किलो होतं. नवी जमीन असेल तर पहिल्या वर्षी ५०० किलो घाला. ट्रॅक्टरची भरलेली ट्रॉली याच्या चौपट-पाचपट असते आणि तिला ४,००० ते ६,००० रुपये मोजावे लागतात. म्हणून गल्लीतल्या तिघा-चौघांनी मिळून एक ट्रॉली घ्यावी. एकट्याने घेतली तर उरलेलं खत उघड्यावर पावसात धुऊन जातं, आणि पैसेही त्याच्याबरोबर.

ट्रॉली उतरवून घेण्याआधी ढिगात कोपरापर्यंत हात घाला. आत गरम लागलं तर खत कुजलेलं नाही. मूठभर बाहेर काढून बघा: गव्हाचा काड, कडब्याचे तुकडे ओळखू येतात का, शेणाचा वास येतो का, पांढऱ्या जाड, इंग्रजी 'सी'सारख्या वळलेल्या अळ्या आहेत का. ती हुमणी. अर्धकच्च्या शेणखतातूनच ती वाफ्यात येते आणि मिरची-वांग्याची मुळं कुरतडते. उभं झाड एका दुपारी मान टाकतं, उपटलं तर खाली मुळंच नसतात. चांगलं खत काळपट, भुरभुरीत असतं, हाताला चिकटत नाही, आणि पहिल्या पावसानंतरच्या मातीसारखा त्याला वास येतो.

याच्याही पुढची एक चाचणी आहे, तिला खर्च काही नाही. खत आणि माती निम्मी-निम्मी एका कुंडीत भरायची, दुसऱ्या कुंडीत नुसती माती, आणि दोन्हींत घेवड्याचे पाच-पाच दाणे टोचायचे. दोन आठवड्यांत फरक कळतो. खताच्या कुंडीतली पानं वाटीसारखी वळली, शेंडा पिळवटला, तर जनावरांनी खाल्लेल्या चाऱ्यावर तणनाशक मारलेलं होतं आणि ते शेणातून खतात उतरलं आहे. असं खत फुकट मिळालं तरी घेऊ नका.

कोंबडखत नाशिकच्या आसपास सहज आणि स्वस्त मिळतं. ते जोरदार असतं हे खरं, पण ताजं घातलं तर रोपं जाळतं आणि क्षार वाढवतं. तीन-चार महिने पालापाचोळ्यात कुजवून, तेही शेणखताच्या जोडीला थोडंसं, इतकाच त्याचा उपयोग.

गांडूळखताची ४०–५० किलोची गोणी ४०० ते ६०० रुपयांना मिळते. हाच माल एक-दोन किलोच्या देखण्या पिशवीत ऑनलाइन घेतला की किलोला ३० ते ५० रुपये पडतो. केंद्राच्या खत नियंत्रण आदेशात गांडूळखतातला ओलावा १५ ते २५ टक्के असावा असं ठरवून दिलं आहे. गोणी दाबल्यावर पाणी सुटत असेल तर तुम्ही पाण्याचे पैसे देताय. गोणीवर उत्पादकाचं नाव, बॅच, तारीख आणि अन्नद्रव्यांचं प्रमाण छापलेलं हवं. ट्रायकोडर्मा, रायझोबियम, पीएसबी (स्फुरद विरघळवणारे जिवाणू) यांच्या पाकिटावर अंतिम तारीख पाहायला विसरू नका. त्यात जिवंत बुरशी आणि जिवाणू असतात. उन्हात तापलेल्या टपरीवरच्या पाकिटात ते मेलेले असण्याची शक्यता मोठी.

घरचं खत सुरू करायला तीन फूट लांब, रुंद आणि खोल असे दोन खड्डे पुरतात. घंटागाडीत जाणारा ओला कचरा एका खड्ड्यात, वर प्रत्येक वेळी सुका पाला. एक भरला की झाकून दुसरा सुरू. फेब्रुवारी-मार्चमध्ये पानगळ होते तेव्हा शेजारपाजारचा पाला गोण्या भरून आणून ठेवा, लोक तो जाळण्याआधी. तिसऱ्या वर्षापासून निम्मं खत घरचं निघतं.

जीवामृताबद्दल बरेच जण विचारतात. सुभाष पाळेकरांच्या पद्धतीत एकराला २०० लिटर पाणी, १० किलो शेण, १० लिटर गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर बांधावरची माती लागते. एकरात ४० गुंठे, म्हणजे तुमच्या वाट्याला एका वेळी पाच लिटर द्रावण, पाव किलो शेण, पाव लिटर गोमूत्र आणि ५०-५० ग्रॅम गूळ-बेसन. दहा रुपयांचंही काम नाही. तेच बाटलीत भरून लिटरला ८०–१०० रुपयांना विकतात, आणि बंद बाटलीत ते टिकतही नाही. केल्यापासून आठवडाभरात संपवायचं असतं. जीवामृताने खताची जागा भरून निघते असं मात्र मी मानत नाही. कुजलेलं खत आणि आच्छादन असेल तरच त्याचा उपयोग दिसतो.

पाणी : खरा हिशेब उन्हाळ्याचा

एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाणी म्हणजे एक लिटर. तुमचे ६०० चौरस फूट वाफे म्हणजे ५६ चौरस मीटर. हिवाळ्यात भाजीला दिवसाला तीन-चार मिलिमीटर लागतं, म्हणजे पावणेदोनशे ते सव्वादोनशे लिटर. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीला टेकतो, वारा सुटतो, तेव्हा सहा मिलिमीटर धरा: रोज ३३६ लिटर. पाच हजार लिटरचा टँकर १,००० रुपयांना आला तर लिटरला २० पैसे, रोजचे ६७ रुपये, महिन्याला दोन हजार. दोन महिन्यांत चार हजारांचं पाणी घालून हजार-बाराशेची गवार काढण्यात शहाणपण नाही. टँकरवर भाजी करू नका, हे मी ठामपणे सांगतो.

त्याऐवजी उन्हाळ्यात क्षेत्र एक तृतीयांशावर आणा. गवार, भेंडी, चवळी, काकडी, तांदुळजा यांना एवढी जागा पुरते, आणि रोजचं पाणी ११० लिटरवर येतं. उरलेल्या वाफ्यांवर चार बोटं जाडीचा पाला किंवा उसाचं पाचट पसरून जमीन झाकून ठेवा. निफाडकडून पाचट वाहतुकीच्या खर्चात मिळतं. मृगाचा पाऊस पडला की त्या झाकलेल्या जमिनीत ताग फेकायचा, १८–२० चौरस मीटरला १०० ग्रॅम बी पुरतं. दीड महिन्यात फुलावर आला की कापून तिथेच गाडायचा. दहा-पंधरा रुपयांच्या बियांत पुढच्या कोबी-मेथीचं अर्धं पोट भरतं.

ठिबक घ्याच, पण 'गार्डन किट' नको. शेतीच्या ठिबकच्या दुकानात जाऊन १६ मिलिमीटरची इनलाइन नळी मागा. तीन फुटी वाफ्याला दोन ओळी, सगळी मिळून १२० मीटर. मीटरला ८ ते १२ रुपये. फिल्टर, कॉक, मुख्य नळी आणि जोड मिळून आणखी १,५०० ते २,०००. सगळं ३,००० रुपयांच्या आसपास बसतं. एका गुंठ्यासाठी अनुदानाच्या मागे लागण्यात जेवढे हेलपाटे होतात तेवढ्याचं पेट्रोल अनुदानापेक्षा जास्त होतं. दोनशे लिटरचा ड्रम चार फूट उंचीवर ठेवला तर पंपाशिवाय थेंब पडतो. ड्रम घेताना आधी त्यात काय होतं ते विचारा. औषधाचा ड्रम धुऊनही भाजीला चालत नाही.

स्वयंपाकघरातलं भाज्या-तांदूळ धुतलेलं पाणी खुशाल द्या. आरओ यंत्रातून बाहेर टाकलं जाणारं पाणी मात्र काळ्या जमिनीत सतत देऊ नये. मूळ पाण्यातले क्षार त्यात एकवटलेले असतात आणि दोन-तीन वर्षांत जमीन चोपण होऊ लागते.

बियाणं आणि रोपं

वर्षाचं बियाणं ८०० रुपयांत होतं, त्यापलीकडे जाऊ नका. पाकीट फोडल्यावर दाणे गुलाबी, हिरवे किंवा निळे दिसले तर त्यांना बुरशीनाशक चोळलेलं आहे. सेंद्रियवाल्याने दुकानदाराला आधीच 'बीजप्रक्रिया न केलेलं' असं सांगून मागावं. मेथी आणि धने किराणा दुकानातले चालतात. धने चपलेच्या तळव्याखाली हलके रगडून दोन फाका करायच्या, रात्रभर भिजवायचे आणि मग पेरायचे. वीस रुपयांत चार वाफे.

'नॉन जीएमओ' असं ठळक छापून भाज्यांचं बी दुप्पट भावाने विकलं जातं. भारतात जीएम भाजीपाल्याच्या लागवडीला परवानगीच नाही, बीटी वांग्यावर फेब्रुवारी २०१० मध्ये स्थगिती आली ती कायम आहे. तेव्हा त्या दोन शब्दांसाठी जादा पैसे देऊ नका. सुधारित, सरळ वाण घ्या म्हणजे पुढच्या वर्षी बी घरचं धरता येतं. कांद्याला पिंपळगाव बसवंतच्या संशोधन केंद्रातून निघालेले वाण आहेत: खरिपाला बसवंत ७८०, रब्बीला एन-२-४-१. चितेगाव फाट्यावर राष्ट्रीय बागवानी संशोधन व विकास प्रतिष्ठानचं केंद्र आहे, मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र गंगापूर धरणाच्या बाजूला आहे, आणि राहुरीचं कृषी विद्यापीठ फार लांब नाही. बियाण्याचा आणि सल्ल्याचा इतका जवळचा आधार फार थोड्या शहरांना आहे, त्याचा फायदा घ्या. शेजारच्या अकोले तालुक्यात कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली, २०२० चं पद्मश्री त्यांना जाहीर झालं. वाल-घेवड्याचे किती प्रकार आपल्या डोंगराळ पट्ट्यात आहेत हे त्यांच्या कामामुळे शहराला कळलं. वालाचा एक वेल कुंपणावर चढवला की नोव्हेंबरपासून दोन-अडीच महिने शेंगा मोजाव्या लागत नाहीत.

टोमॅटो, मिरची, वांगी, कोबीची रोपं घरी करण्यापेक्षा रोपवाटिकेतून घेणं नाशिकमध्ये सोयीचं. गिरणारे, दिंडोरी, पिंपळगावच्या बाजूला रोपवाटिकांची रांगच आहे. दीड-दोन रुपयांना रोप पडतं, फुटकळ घेतलं तर तीन. शेतकऱ्याच्या मागणीतून उरलेला ट्रे संध्याकाळी सहज देतात. ४० टोमॅटो, २०-२० वांगी-मिरची आणि ६० कोबी-फ्लॉवर मिळून ४०० रुपयांत काम होतं. तिथे रोपांना औषध दिलेलं असतं हे खरं. तीन-चार आठवड्यांच्या रोपापुरती ती तडजोड मला मान्य आहे. ज्यांना नको त्यांनी ३०–४० रुपयांचा ट्रे आणून घरी रोपं करावीत, फक्त महिनाभर आधी तयारी लागेल.

टोमॅटोचा हंगाम मात्र बाजाराच्या उलट धरा. नाशिकचा बाजाराचा टोमॅटो जून-जुलैत लागतो, आणि ढगाळ, दमट हवेत करप्यामुळे त्यावर फवारण्यांवर फवारण्या होतात. सेंद्रिय पद्धतीत करप्याला पक्का उतारा नाही. घरासाठी ऑक्टोबरात, हस्ताचा पाऊस ओसरल्यावर रोपं लावा, जानेवारी ते मार्च फळ मिळतं आणि करपा निम्म्याहून कमी येतो. भेंडी, दुधी, काकडी यांचं उन्हाळी बी संक्रांतीआधी टाकू नका. निफाडला पारा पाच अंशांखाली उतरल्याच्या बातम्या येतात त्या दिवसांत हे बी जमिनीत कुजतं.

भावाच्या मागे धावून काय लावायचं ते ठरवू नका. २०२३ च्या जुलैत टोमॅटो किलोला शंभरीच्या पुढे गेला आणि दोन महिन्यांत याच जिल्ह्यात त्याला तोडणीची मजुरीही सुटेना. फ्लॉवर, कोबी, टोमॅटो थंडीत इथे इतके स्वस्त असतात की पैशांच्या दृष्टीने ते लावण्यात कमाई नाही, खायच्या समाधानासाठी वर सांगितली तेवढीच रोपं पुष्कळ. जागा द्यायची ती रोज लागणाऱ्या आणि ताजेपणातच गोडी असणाऱ्या भाज्यांना: मेथी, पालक, चुका, कोथिंबीर, गवार, घेवडा, मिरची. पावसाळ्यात सततच्या पावसाने शेतातली कोथिंबीर सडते आणि जुडीचा भाव कितीतरी पट चढतो. तुमच्याकडे उंच वाफा आणि वर प्लॅस्टिकचं तात्पुरतं छत असेल तर त्या महिन्यांत एक वाफाच सगळं वसूल करतो. हिवाळ्यात लसणाच्या दोन ओळी विसरू नका.

मांडव, सावली, कीड

दोडकं, कारलं, दुधी यांना मांडव हवा. जुन्या द्राक्षबागांचे लोखंडी अँगल आणि तारा नाशिकमध्ये भंगाराच्या भावात किलोवर मिळतात, नव्या जीआय पाइपाच्या सांगाड्यापेक्षा फार स्वस्त पडतात आणि पंधरा-वीस वर्षं हलत नाहीत. बांबूचा मांडव दोन-तीन वर्षांत वाळवी खाते. अँगल, तार, सुतळी, एक माणूस एक दिवस: २,५०० रुपये. मेसाठी ५० टक्क्यांची हिरवी जाळी २० चौरस मीटर, ७०० रुपये. फेब्रुवारी-मार्चच्या गारपिटीतही हीच जाळी उपयोगी पडते.

शेजारी द्राक्षबाग असेल तर फवाऱ्याचे तुषार वाऱ्यावर तुमच्या वाफ्यात येणारच. त्या बाजूला मका किंवा तुरीच्या दोन दाट ओळी आणि त्यामागे शेवगा-हादगा लावा. बागवाल्याशी बोलून ठेवा. ऑक्टोबर छाटणीनंतर फवारण्यांचा जोर असतो, त्या दिवसांत तो सकाळी फोन करून सांगतो, इतकं नातं असलं म्हणजे झालं.

किडीवरचा वर्षाचा खर्च ८०० रुपयांवर जाता कामा नये. पिवळे चिकट सापळे, वेलवर्गीय भाज्यांतल्या फळमाशीसाठी दोन कामगंध सापळे, ट्रायकोडर्माचं एक पाकीट, दोन लिटरचा हातपंप. फळमाशीने डंख मारलेलं कारलं वाफ्यात टाकू नका, खोल गाडा, नाहीतर सापळा लावूनही उपयोग नाही. कोबीच्या कडेला मोहरीची एक ओळ, टोमॅटोत मधूनमधून झेंडू, एवढं लावलं की अळी आधी तिकडे वळते. मावा-तुडतुड्यांसाठी पाच टक्के निंबोळी अर्क: अर्धा किलो निंबोळ्या कुटून रात्रभर पाण्यात भिजवायच्या, फडक्यातून गाळून दहा लिटर करायचं, थोडं साबणाचं पाणी घालून संध्याकाळी फवारायचं. उन्हात फवारला तर गुण लवकर उतरतो.

मजुरी आणि परतावा

वाफे पाडायला तीन माणूस-दिवस, १,५०० रुपये, हे टळत नाही. पुढचं काम रोज तासाभराचं आहे. त्यातही निंदणी वाफशावर करा, जमीन ओली गच्च असताना खुरपं घातलं तर ढेकळंच होतात. महिन्यातून दोन दिवस माळी बोलावला आणि ५०० रुपये रोज दिला तर वर्षाचे १२,०००. हा आकडा बाकी सगळ्या वार्षिक खर्चाच्या अडीच-तीनपट आहे. म्हणून एक गुंठा झेपणार नसेल तर सरळ अर्धा करा.

पहिल्या वर्षाची बेरीज अशी: माती तपासणी ५००, खत २,५००, बी आणि रोपं १,२००, ठिबक ३,०००, ड्रम १,०००, मांडव २,५००, जाळी ७००, कुदळ-फावडं-खुरपी-पाट्या १,८००, वाफे १,५००, कीड नियंत्रण ८००. एकूण १५,५००.

चौघांच्या घराला दिवसाला सव्वा किलो भाजी धरली तर वर्षाला साडेचारशे किलो लागते. एवढ्या वाफ्यांतून पहिल्या वर्षी १५० किलो आणि जमीन सुधारल्यावर २२५ किलो निघावी, असा जपून केलेला अंदाज आहे. म्हणजे घरची निम्मी भाजी. सरासरी ४५ रुपये किलोने ती दहा हजारांची होते. ४,५०० चा वार्षिक खर्च वजा जाता साडेपाच हजार हाती राहतात आणि पहिल्या वर्षी गुंतवलेले पैसे तिसऱ्या वर्षाच्या मध्यावर फिटतात. माळी लावला तर मात्र किलोला ७३ रुपये पडतात. तेव्हा तुलना मंडईशी करायची नाही, सेंद्रिय म्हणून मिळणाऱ्या भाजीशी करायची.

उरलेली निम्मी भाजी विकत घेताना वेष्टनावर एफएसएसएआयचं 'जैविक भारत' चिन्ह शोधा. 'पीजीएस-इंडिया ग्रीन' म्हणजे जमीन अजून रूपांतराच्या काळात आहे, 'पीजीएस-इंडिया ऑरगॅनिक' म्हणजे तो काळ पूर्ण झाला. दोन्हींना एकच भाव देऊ नका. 'रेसिड्यू फ्री' हा शब्द नाशिकमध्ये द्राक्षनिर्यातीमुळे रुळला. त्याचा अर्थ औषधाचा अंश मर्यादेत आहे एवढाच, औषध मारलंच नाही असा नाही.

सुरुवात मेमध्ये करा. मेच्या पहिल्या आठवड्यात माती तपासायला द्या, खताची ट्रॉली ठरवा आणि घेवड्याच्या कुंड्या लावा. मे अखेर वाफे आणि मांडव. ठिबक ऑक्टोबरपर्यंत थांबू शकतं, जाळी फेब्रुवारीपर्यंत, म्हणजे सगळे पैसे एकदम काढावे लागत नाहीत. पाऊस सुरू होताच रस्त्याकडेच्या कडुनिंबाखाली पिकलेल्या निंबोळ्यांचा सडा पडतो. पाच-सहा किलो गोळा करून गर धुवा, सावलीत खडखडीत वाळवा आणि गोणपाटात बांधून ठेवा, प्लॅस्टिकच्या पिशवीत बुरशी धरते. वर्षभराच्या फवारणीला तेवढ्या पुरतात.